पाळीचा फोन

चार फोन एकदम बोंबलले आणि पाचवा झोपून राहिला.

दर्शना टेबलापाशी उभी होती. फोन तिच्यापुढं ओळीनं मांडलेले, बाजारात पाटीवर बांगडे मांडतात तसे. चार फोनांचे पडदे लाल झाले होते आणि ते कारखान्याच्या भोंग्यासारखे कोकलत होते. प्रत्येकावर तीच अक्षरं: ‘करंजमाळ. दरडीचा धोका. घरं सोडा.’ पाचव्याचा पडदा काळा. तिनं तो उचलला, उलटा केला, झोपाळू पोराच्या गालावर मारावी तशी त्याला चापट मारली.

“चंदूकाका, हा उठत नाय.”

मी दारातच होतो. माझा फोन दुपार व्हायच्या आत मरतो, तो तिला दाखवायला जिना चढून आलो होतो. “उठंल गो,” मी म्हणालो. “माझ्या आजोबांचा बैल असाच व्हता. एकदा नांगर ओढता ओढता झोपला, तो शेत नांगरून झाल्यावरच जागा झाला.”

“काका, हा उठत नाय!”

तिच्या आवाजानं माझा बैल जागच्या जागी मेला.

करंजमाळ ही तिची वाडी. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत चिकटलेली. आईबाप तिथंच. बाहेर आषाढ कोसळत होता, महाडात नदीचं पाणी बाजारपेठेच्या उंबऱ्याशी आलं होतं, आणि माझ्यासमोर ही पोर पांढरीफटक पडून एका मेल्यासारख्या फोनाकडे बघत होती. मी मिनीडोर चालवतो, तीन चाकांची वडाप गाडी, महाड ते पोलादपूर. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याला कुठं जायचंय ते मला कळतं. तिला कुठं जायचंय ते मला कळलं, आणि मला तिकडं मुळीच जायचं नव्हतं.

दर्शनाचं काम काय, हे मी आजवर गिऱ्हाइकांना नाना तऱ्हांनी सांगितलंय. एकाला सांगितलं, ती फोनांचे जंत काढते. ही माझी थाप असली तरी खऱ्याच्या जवळपासची. पुण्याची एक कंपनी तिला नवनवी ॲपं पाठवते. ही ती फोनात घालते, फोनाला एक मीटर लावते आणि बघत बसते: कोणतं किती बॅटरी खातं, फोन झोपला की तेही झोपतं का, की मालक घोरत असताना कोठीत शिरलेल्या उंदरासारखं कुरतडत बसतं. उंदीर सापडला की ती पुण्याला कळवते, आणि तिकडे अश्विन नावाचा साहेब तो मारतो.

हा दरडीचा भोंगाही तिनंच तपासलेला. एका संस्थेनं डोंगरावर पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं आणि वाड्यांच्या फोनांत भोंगा घातला होता. पण भोंगा भलता खादाड निघाला. फोन कुठं आहे हे दर मिनिटाला विचारी, त्याला डोळा मिटू देईना. लोक वैतागून तो काढून टाकायला लागले. तिचा बाप गोमाजी तर म्हणाला होता, “तुझा भोंगा माझा फोन पितो गो, गोचीड म्हशीला पिते तसा.” तेव्हा दर्शनानं तोड काढली: बॅटरी पाव हिश्श्यावर आली की भोंग्यानं झोपावं, अधूनमधून एखादा डोळा उघडावा. अश्विननं तसं केलं. बॅटरी टिकली. पुण्याहून शाबासकी आली, वाड्यांनी भोंगा परत घातला.

झोप किती गाढ लागते ते तिनं मोजलं होतं. हाक मारल्यावर उठतो का, ते मोजायचं राहिलं. हा पाचवा फोन ती सकाळपासून मुद्दाम रिकामा करत होती, रोजच्या तपासणीसाठी. आज खरी हाक आली, आणि तो उठला नाही.

“अगो, पण वाडीत इतके फोन,” मी म्हणालो. “एखादा तरी भरलेला असंल.”

“सगळे बंद आहेत, काका. वीज गेलेय ना. पाळी लागलेय.”

ही पाळी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

करंजमाळला गुरं पाळीनं राखतात. आज एका घरानं सगळ्या वाडीची गुरं न्यायची, उद्या दुसऱ्यानं. पावसाळ्यात वीज गेली की येता येत नाही, म्हणून त्यांनी फोनही गुरांसारखे पाळीला लावले. सगळ्यांचे फोन बंद करून डब्यात. एकच चालू. तो घेऊन पाळीवाल्यानं वाडीच्या वरच्या कातळावर बसायचं, कारण रेंज धड तिथंच येते. फोन संपला की उतरून देवळाच्या सहाणेवर, दगडी ओट्यावर, यायचं आणि पुढच्या घराचा फोन सगळ्यांसमोर चालू करायचा. म्हणजे वाडीचा एकुलता जागा फोन कायम कातळावर, आणि पाळीच्या शेवटाकडे कायम पावाखाली.

“महाडात टेबलावर बसून तपासलं मी,” दर्शना म्हणाली. “करंजमाळची असून.”

तिनं पुण्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे अश्विन मलाही ऐकू येत होता.

“घाबरू नकोस. मी दुरुस्ती करून लगेच पाठवतो.”

“कुणाच्या फोनात पाठवशील? एकच चालू आहे, तो झोपलाय.”

“मग फोन करून सांग ना त्यांना.”

“उचलणार नाहीत.”

“का?”

“मीच सांगितलंय, पाळीचा फोन कुणी उचलायचा नाही. बोलण्यानं बॅटरी जाते. मेसेज उघडायचा नाही, पडदा बॅटरी खातो. आबा माझा शब्द मोडत नाहीत.”

तिनं अश्विनचा फोन ठेवला. 

तिनं बापाला फोन लावला. वाजला, आणि कापला. परत लावला. परत कापला. तिसऱ्यांदा लावायला गेली आणि बोट मागं घेतलं; नुसत्या घंटीनंही बॅटरी जाते. तहसीलला कळवलं. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, पथक मघाशीच निघालंय म्हणाला, पण वाटेत पाण्यानं अडलंय. पोलीस पाटलाचा फोन? तोही डब्यात.

“काका, गाडी काढता?”

मी म्हणणार होतो की क्लच गेलाय. तो खरोखरच गेल्यातच जमा होता. पण तोंडातून निघालं, “चल.”

महामार्गावर पाऊस असा, की वायपर पाणी पुसत नव्हता, नुसता इकडचं तिकडं करत होता. उजवीकडे सावित्री नदी लाल होऊन पळत होती, तिच्या पाठीवर आख्खी झाडं. दर्शना पुढं माझ्या बाजूला, मांडीवर तो झोपलेला फोन. ती काही बोलेना. भीती अशी गप्प बसली की ती माणसाला पोखरते, म्हणून मी सुरू केलं.

“ह्या नदीतली मगर एकदा माझ्या गाडीत बसली व्हती. दासगावला जायचं म्हणाली. मी म्हणालो, शेपूट आत घे, मागं पोलीस हाय. सगळ्या बायका एका बाजूला सरकल्या, गाडी तिरपी चालली.”

“मग?”

“उतरताना म्हणाली, भाडं पुढच्या खेपेला. मी म्हणालो, असूं दे बाय, तुझ्याशी कोण भांडणार.”

ती हसली नाही. पण तिचा श्वास जरा हलला. मग मी धुक्याची गोष्ट काढली. घाटात एकदा असं दाट धुकं पडलं की मी ते विळ्यानं कापून पोत्यात भरून आणलं, आणि बायकोनं कापूस समजून त्याची गादी भरली. गादीवर झोपलं की रात्रभर सर्दी. बोलताना माझे दात एकमेकांवर आपटत होते. ते थंडीनं, असं मी स्वतःला सांगितलं. थापा मारायची सवय असली की स्वतःलाही मारता येतात, हा एक फायदा.

तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून आमच्याकडचा माणूस पावसात आधी वर बघतो, मग समोर. पोलादपूर सोडून गाडी डोंगराकडे वळली तशी मीही वरच बघत चाललो. वर काही दिसत नव्हतं. नुसता ढग, आणि ढगाच्या आत डोंगर बसलेला.

वाडीच्या खालच्या ओढ्यावरच्या मोरीशी रस्ता संपला. मोरीवरून ओढा छातीइतका वाहत होता. पलीकडे, समोरच्या उतारावर, करंजमाळ दिसत होती: कौलं, एक-दोन पत्रे, खाली देऊळ. आणि सगळ्यांच्या वर, उघड्या कातळावर निळं प्लास्टिक पांघरलेला एक ठिपका.

“आबा,” दर्शना म्हणाली.

ती ओरडली. तिनं इतक्या जोरानं हाक मारली की तिच्या मानेच्या शिरा दिसल्या. पाण्यानं ती हाक आमच्या पायापाशीच गिळली. मग मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. पलीकडे पडवीत दोन बाया आल्या. त्यांनी हात हलवला. नको, नको असा. मिनीडोरवाला गिऱ्हाईक शोधत आलाय असं वाटलं त्यांना. उलट एकीनं दुसरीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसत आत गेल्या. चंदूला ह्या पावसातपण भाड्याची हाव सुटत नाय, असंच म्हणाली असणार. माझी जन्माची कमाई, दुसरं काय.

आणि तेवढ्यात मला ते दिसलं.

ओढा कमी होत होता. पाऊस तसाच, कणभर कमी नाही, आणि मोरीवरचं पाणी उतरायला लागलं होतं. उतरलेलं पाणी चहासारखं घट्ट, त्यात उपटलेली मुळं. पाणी वर कुठंतरी अडत होतं. ते कशानं अडतं, आणि अडलेलं दरड होऊन कसं सुटतं, हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी दर्शनाला सांगितलं नाही.  “बघ, पाणी उतरतंय,” असं आनंदानं म्हणायचा प्रयत्न केला. नुसतं “बघ” निघालं.

तिनं बघितलं. तिला कळलं.

तिच्या फोनात रेंजची एक काडी होती. तिनं बापाला लावला. ठिपका हलला. निळ्या प्लास्टिकखालून हात निघाला, सदऱ्याच्या खिशात गेला. पिशवीतून फोन निघाला. आम्हाला सगळं दिसत होतं, आणि तेच जिवाला खात होतं. त्यानं फोन बघितला, अंगठ्यानं कापला, पिशवीत घातला, खिशात ठेवला.

“उचल की रे म्हाताऱ्या!” मी ओरडलो. “एकदा तरी पोरीचं ऐकू नको!”

दर्शना मटकन खाली बसली, चिखलात. मला वाटलं, संपली पोर. पण ती बसल्या बसल्या मांडीवरच्या फोनकडे बघत होती. मग तिनं मान वर केली.

“काका, तुमच्या फोनात बॅलन्स हाय?”

“हाय. आज अजून मेला पण नाय. का?”

“आबांचा फोन माझाच जुना. त्याची बॅटरी फुगलेली. थोडं काम पडलं की धाडकन खाली येते. तो मारायचा.”

“काय मारायचा?”

“फोन! मेला की आबा उतरतील. उतरायलाच लागतं. पाळीचा नियम हाय.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. फोनातला प्रत्येक घोट वाचवण्यावर जिचं पोट चालतं ती पोर आता बापाचा फोन मारायला निघाली होती. कशानं किती जातं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! घंटी खाते, थरथर खाते, पडदा सगळ्यांत जास्त खातो. आम्ही दोघांनी लावायला सुरुवात केली. तिचा कापला की माझा, माझा कापला की तिचा. पलीकडे म्हातारा पिशवीतून काढी, बघी, कापी, घाली. परत काढी. शेवटी त्यानं पिशवीत घालणं सोडलं आणि हातातच धरून कापत बसला. त्याला पडद्यावरचं नाव वाचता येत नाही; मुंबईचा कोणी छळतोय असं धरून तो उभा राहिला आणि त्या दिशेला हात करून शिव्या द्यायला लागला. इतक्या लांबून त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण शिव्यांचा ठेका ओळखू येत होता.

“मर,” दर्शना फोनाला म्हणत होती. “मर ना रे बाबा. मर.”

ओढ्यात आता दगड दिसायला लागले होते. पण वर अडलेलं पाणी कधी सुटेल याचा नेम नव्हता, पाय घालायची सोय नव्हती.

मग माझ्या कानात ती बाई बोलली: तुम्ही संपर्क करत असलेला क्रमांक बंद आहे. इतकी गोड बाई मी आयुष्यात ऐकली नाही.

कातळावर म्हातारा फोन तोंडाशी नेऊन बघत राहिला. बटण दाबलं. हलवला. मग खाली मान घालून उतरायला लागला. हळू. इतका हळू की मी त्याला पाठीमागून ढकलत होतो, इथून, दोन्ही हातांनी. एका झापाशी, गवताच्या खोपीशी, थांबला, गुडघा धरला. दर्शनानं माझ्या दंडात नखं रुतवली. तो परत निघाला. देवळाच्या सहाणेवर पोचला तशी घराघरांतून माणसं गोळा झाली, कारण पाळी बदलताना सगळ्यांनी बघायचं असतं. पुढची पाळी तुळजाबाईची. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. ती डबा छातीशी धरून आली. ती फोनावर बोलतच नाही, त्यामुळे तिचा फोन काठोकाठ भरलेला.

घोळका जमला. फोन चालू झाला असावा. फोन उठायला किती वेळ लावतो! आधी कंपनीचं नाव, मग फिरतं चक्र, मग आणखी काहीतरी. आम्हाला नुसत्या पाठी दिसत होत्या. आणि देवळापाशी रेंज आली तर येते, नाहीतर नाही.

आली.

भोंगा पाण्यावरून आमच्यापर्यंत आला, बारीक, टिटवीसारखा. घोळका क्षणभर तसाच उभा राहिला. कोणी हललं नाही. मग कोणाच्यातरी हातातली छत्री पडली आणि सगळे पळाले. खालच्या वाटेनं, बाजूच्या टेपावरच्या, उंचवट्यावरच्या शाळेकडे. पोरं काखेत, म्हाताऱ्या पाठुंगळी. कोणीतरी गोठ्याकडे वळलं, त्याला दुसऱ्यानं सदऱ्याला धरून ओढलं. तुळजाबाई सगळ्यांच्या मागून, कोकलणारा फोन पुढं धरून, दिवटी धरावी तशी.

शेवटचा माणूस टेपावर चढला, त्यानंतर झाडं चालायला लागली.

आवाज नंतर आला. आधी कातळाच्या वरची झाडं उभीच्या उभी खाली चालत आली, सावकाश, देवाच्या पालखीमागं माणसं चालतात तशी. मी आयुष्यभर गोष्टींमधून झाडं चालवलीत, आणि गिऱ्हाइकं वैतागून पुढच्या स्टॉपवर उतरलीत. त्यांचं बरोबर होतं. झाडांनी चालू नये. मग कातळ गेला, वरची घरं गेली, आणि गोठ्यांतल्या गुरांचा एक हंबर आला, तो मधेच तुटला. दर्शनानं माझ्या सदऱ्यात तोंड खुपसलं होतं. मी तिला काय सांगत होतो ते मला आठवत नाही. बहुतेक मगरीचंच सांगत होतो.

पलीकडच्या बाजूनं वळसा घालून शाळेत पोचायला आम्हाला संध्याकाळ झाली. पथक आलं होतं. शाळेत जनरेटर लावला होता, आणि डब्यांतले फोन सगळे एकदम जागे झाले होते. ज्याच्या त्याच्या कानाला फोन. “हाव, बरे हाव… नाय, घर नाय… माणसं सगळी हायत.” माणसं सगळी होती. पुन्हा पुन्हा मोजून बघितली होती.

दर्शनाची आई बाकावर बसून कुणाच्यातरी पोराला भात भरवत होती. लेकीला बघून तिनं घास तसाच हातात धरला, आणि रडायला लागली. गोमाजी मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता, अपराध्यासारखा. त्याचा फोन बंदच. तो कुणी चार्जिंगला लावलाही नव्हता.

“माझ्या पाळीत फोन मेला गो,” तो दर्शनाला म्हणाला. “मुंबईचा कोणतरी मेला सारखा सारखा लावत व्हता. खाल्लान सगळी बॅटरी.”

“मी लावत व्हते, आबा.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. “तू? तूच सांगितलंस ना, उचलायचा नाय म्हणून?”

“हो.”

“मग मी नाय उचलला.”

“हो, आबा.”

 झोपलेल्या भोंग्याचं, शाबासकीचं, टेबलाचं, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. ती सांगणारच होती. ती तशीच आहे. पण त्यानं तिच्याकडून तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. डोंगर आता ढगातून थोडा निघाला होता, आणि त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत लाल माती दिसत होती, सोललेल्या गुडघ्यासारखी.

“वरचा कातळ गेला का गो?”

“गेला.”

“सगळा?”

“सगळा, आबा.”

तो विचारात पडला. घराचं विचारलं नाही, गुरांचं विचारलं नाही. मग माझ्याकडे वळून, मला काहीतरी ठाऊक असेलच अशा विश्वासानं, म्हणाला, “मग रे चंदू, आता रेंज कुठं यायची?”

मी खिडकीतून, कातळ होता तिकडं बघितलं. 

गोमाजीनं खिशातून मेलेला फोन काढला. मग फोन सदऱ्याला पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीतली हवा हातानं काढली आणि तोंडाला गाठ मारली. ती पुरेशी घट्ट वाटली नाही, म्हणून सोडून परत मारली.